थिनरचा डबा घरातच होता: पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीतलं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं आहे, पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीतलं. वस्तीचं नाव लिहीत नाही आणि घर ओळखू येईल असे काही तपशील मुद्दाम बदललेत. मी या वस्तीत व्यसनाबद्दलच्या कामात आहे, आमचा गट छोटा आहे, बचत गटातल्या चारपाच बायका, महापालिकेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक नर्स ताई, आणि नऊ वर्षं एक थेंब न घेतलेले एक रिक्षावाले काका. व्यसन कसं लागतं, सुटताना शरीराचं काय होतं, कुणाकडं जायचं, घरी परत आलेल्या माणसाशी कसं वागायचं, हे वस्तीतल्या लोकांसोबत बसून बोलणं हे आमचं काम. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात एकाच घरात दोन व्यसनं होती, बापाची दारू आणि पोराचं सोल्यूशन, म्हणजे पंक्चर काढायचा चिकट डिंक हुंगणं, आणि दोन्ही ठिकाणी घरच्यांनी आणि वस्तीनं जे केलं ते प्रेमापोटी किंवा काळजीपोटीच केलं, पण त्यातलं बरंचसं जिवावर बेतणारं होतं, कारण कुणीच त्यांना काही शिकवलं नव्हतं.

घर असं. वडील रंगारी, ठेकेदाराकडं कामाला, शनिवारी हप्ता. आई सहकारनगरला चार घरची धुणीभांडी करते. मुलगा चौदा वर्षांचा, मनपाच्या शाळेत आठवीला, धाकटी बहीण चौथीत. वडिलांचं पिणं वस्तीला माहीत होतं, त्यात कुणाला नवल नव्हतं, आधी शनिवारचं होतं ते रोजचं झालं होतं आणि शेवटी शेवटी सकाळी उठल्यावर हात थरथरायचे म्हणून एक नव्वद मारून कामावर जायचे. रंगाऱ्याचा हात थरथरला तर त्याला कोण काम देणार, त्यामुळं त्यांच्या दृष्टीनं सकाळची दारू हे कामाचंच हत्यार झालं होतं. मुलाचं मात्र कुणाला काही माहीत नव्हतं.

26 जूनला अंमली पदार्थविरोधी दिन असतो, तेव्हा मुलाच्या शाळेत व्याख्यान झालं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या फॅक्टरीतून एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, पकडलं, हजारो कोटींचा माल, तेव्हापासून शहरात ड्रग्ज म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं आणि ते साहजिकही आहे. व्याख्यानात एमडी होतं, कोकेन होतं, गांजा होता, सडलेल्या फुफ्फुसाचे फोटो होते, शेवटी सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घेतली. आमच्या या मुलानंही घेतली. नंतर तो मला म्हणाला, "दादा, त्यात सोल्यूशन नव्हतंच ना, ते ड्रग्जचं होतं." म्हणजे तो खोटी शपथ घेत नव्हता, त्याच्या हिशोबात तो ड्रग्ज घेतच नव्हता. एम्सच्या टीमनं देशभर केलेल्या सर्व्हेचा 2019 चा अहवाल बघा, त्यात हुंगायच्या नशा, म्हणजे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर वगैरे, ही एकच अशी गोष्ट आहे की जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं, मुलांत 1.17 टक्के आणि मोठ्यांत 0.58. जी नशा मुळात पोरांचीच आहे तीच पोरांच्या व्याख्यानातून गायब असते, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती पेपरात येत नाही, तिला करोडोंची किंमत नाही, ती पंक्चरच्या दुकानात आणि हार्डवेअरमध्ये मिळते.

तर झालं असं की श्रावणाच्या आधी एका संध्याकाळी मंडळाच्या पोरांनी पाण्याच्या टाकीमागं तीन मुलांना पिशवी तोंडाला लावलेलं पकडलं. मंडळाची पोरं वाईट नाहीत, वस्तीत असलं काही चालू द्यायचं नाही या भावनेनं ती ओरडत मागं धावली, दोघं पळून गेली आणि आमचा मुलगा टेकडीच्या पायऱ्या चढत पळाला आणि वर जाऊन कोसळला. मिनिटभर शुद्ध नव्हती. पोरांनी तोंडावर पाणी मारलं, दोन थोबाडीत दिल्या, मग तो उठला, उलटी झाली, आणि सगळ्यांनी म्हटलं नाटक करत होता.

नर्स ताईंना हे कळलं तेव्हा त्या अक्षरशः मटकन खाली बसल्या. सोल्यूशन आणि थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असतात, ती हुंगल्यावर हृदय फार संवेदनशील होतं, आणि अशा वेळी माणूस एकदम घाबरला किंवा जोरात पळाला तर शरीरात जे अॅड्रेनॅलिन सुटतं त्यानं ठोके बिघडून जागच्या जागी मरू शकतो. पहिल्यांदा हुंगणारा पोरगासुद्धा. त्यामुळं हुंगलेल्या पोराच्या मागं धावायचं नाही, ओरडायचं नाही, मारायचं नाही, शांतपणे मोकळ्या हवेत बसवायचं, पिशवी बाजूला करायची, शुद्ध हरपली असेल तर एका कुशीवर झोपवायचं, उलटी झाली तर ती घशात जाऊ नये म्हणून, आणि 108 ला फोन करायचा. एवढंच. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. पण ते ज्याला शिकवायचं तो माणूस शाळेच्या वर्गात बसलेला नसतो, तो मंडळाच्या कट्ट्यावर असतो. आम्ही त्याच आठवड्यात मंडळाच्या खोलीत बसलो, ताईंनी एका कार्यकर्त्याला सतरंजीवर झोपवून कुशीवर कसं वळवायचं ते सगळ्यांना करायला लावलं. ज्यानं थोबाडीत दिली होती तो पोरगा सगळ्यात शेवटी उठला आणि त्यानं तीनदा करून बघितलं.

इकडं वस्तीत दुसरंच सुरू झालं होतं. माल कुठून आला? सगळे पंक्चरवाल्यावर घसरले. त्याच्या टपरीसमोर पन्नास माणसं जमली, दुकान फोडायची भाषा झाली. आता यात कायदा काय म्हणतो तेही सांगतो कारण आम्हाला हे नेहमी विचारतात. दारू, तंबाखू, अंमली पदार्थ अल्पवयीन मुलाला दिले तर बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि शाळेच्या 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला तर वेगळी बंदीच आहे. पण पंक्चरचं सोल्यूशन एनडीपीएसच्या, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या, यादीत नाही, सोल्यूशनची ट्यूब विकणं हा त्याचा धंदा आहे. रिक्षावाले काका त्याच्याकडं पंधरा वर्षं पंक्चर काढतायत, ते एकटे गेले, चहा घेतला, आणि ठरलं की मुलांना सुटी ट्यूब द्यायची नाही, सायकल घेऊन आला तर पंक्चर आपण काढून द्यायचं. तो लगेच हो म्हणाला, त्यालाही घरात मुलं आहेत.

पण या मुलाच्या बाबतीत मूळ तिथं नव्हतंच. ताईंनी मुलाला दोन दिवस काहीच विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोहे खाता खाता तो स्वतःच बोलला. पाचवीच्या सुट्टीत वडिलांसोबत कामावर जायचा, ब्रश धुवायचं काम त्याच्याकडं. थिनरमध्ये ब्रश बुडवायचा, चिंधीनं पुसायचा, डोकं हलकं व्हायचं, बरं वाटायचं. मग घरी कॉटखाली वडिलांचा थिनरचा पत्र्याचा डबा असायचा, रात्री वडील पिऊन आरडाओरडा करायला लागले की हा चिंधी नाकाला लावून गोधडीत तोंड घालायचा. "मग आवाज लांब जातो," म्हणाला. सोल्यूशन नंतर आलं, मित्रांमुळं. त्याच्या आईनं चिंध्यांचा वास शेकडो वेळा घेतला असेल, तोंडाभोवतीची लाल पुरळ बघितली असेल, जेवण कमी झालेलं, डोकं दुखतं म्हणतोय हे सगळं तिला दिसत होतं, पण रंगाऱ्याच्या घरात थिनरचा वास येणारच ना. दुसऱ्या कुठल्या घरात जी खूण ठरली असती ती या घरात रोजचीच होती.

मुलाचं नीट करायचं तर वडिलांचं टाळता येणार नव्हतं, कारण पोरगा ज्या गोष्टीपासून पळत होता ती रोज रात्री घरात येत होती. आणि इथं मला जे कळलं ते मी आजवर कुठल्याही पोस्टरवर वाचलेलं नाही. आई बैठकीला येईना. बचत गटातल्या एका मावशींनी तिला घरी जाऊन गाठलं तेव्हा ती रडत म्हणाली की त्यांची दारू मीच आणून देते. का, तर दोन वर्षांपूर्वी वडिलांनी माळ घातली होती, आळंदीला जाऊन, खरोखर मनापासून, आणि त्या दिवसापासून दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, रात्रभर जागे, भिंतीवर किडे चालतायत म्हणायला लागले, आणि मग फिट आली. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे. सासूनं अंगारा लावला, दीर धावत जाऊन क्वार्टर घेऊन आला, पाजली, आणि तासाभरात माणूस शांत. त्या दिवसापासून या बाईच्या मनात एकच गोष्ट पक्की, दारू सोडली की हा मरणार. म्हणून ती स्वतःच्या पगारातून क्वार्टर आणून देत होती, आणि शेजारच्या बायका तिला नावं ठेवत होत्या.

ती जे समजली होती त्यात अर्धं खरं होतं हे लक्षात घ्या. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केलं तर शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप असं सगळं होऊ शकतं आणि त्यात माणूस जाऊही शकतो. म्हणून असल्या माणसाची दारू घरात शपथ घालून बंद करायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीखाली करायची असते, तिथं थरथर आणि फिट थांबवणारी औषधं देतात, थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, पाचसात दिवसांत तो धोका बराचसा टळतो. यालाच डिटॉक्स म्हणतात. माळ खोटी नव्हती, निश्चय खोटा नव्हता, औषध नव्हतं. हे एकच वाक्य या बाईला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्या घराची दोन वर्षं वाचली असती. 2019 च्या त्याच अहवालात आहे की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागं फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो. बाकीचे 37 कुठं असतात, तर अशाच घरांत.

मग आम्ही वस्तीतल्या व्याख्यानांचा नाद सोडला आणि बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीतच, हप्ते गोळा झाल्यावर, बसायला लागलो. पहिल्याच बैठकीत एका वहिनींनी पिशवीतून पुडी काढली, पेपरातल्या जाहिरातीवरून मागवलेली, "न सांगता दारू सोडवा" वाली, आमटीत घालायची. अजून तिघींकडं तसल्याच पुड्या निघाल्या. आत काय आहे ते त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली जातं, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला त्यात काहीही होऊ शकतं, म्हणून ती पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं आणि तपासण्या करूनच देतात. चोरून काहीही घालायचं नाही. त्या दिवशी ताईंनी सगळ्या पुड्या गोळा केल्या, कुणावर रागावल्या नाहीत.

दिरानं आणखी एक सुचवलं होतं, एक "केंद्र" आहे, फोन केला की गाडी घेऊन येतात, चार जण उचलून नेतात, सहा महिने सोडत नाहीत. असल्या ठिकाणी मारहाण होते, बांधून ठेवतात, हे ऐकून असूनही थकलेली घरं तिथं माणूस पाठवतात आणि मी त्यांना दोष देत नाही. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे आणि असं केंद्र नोंदणीकृत असावं लागतं. नोंदणी दाखवा म्हणायचं, डॉक्टर रोज येतो का विचारायचं, घरच्यांना भेटू देता का विचारायचं. पुण्यात तर याबाबत आपण नशीबवान आहोत, 1986 पासून येरवड्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून सुरू झालेलं, व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवायचं हे या शहरानं तिथं चाळीस वर्षं बघितलंय. ज्यांना कुठं जायचं तेच कळत नाही त्यांच्यासाठी 14446 ही सरकारची टोल फ्री हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416.

वडील तयार कसे झाले? कुणाच्या भाषणानं नाही. रिक्षावाले काका सकाळी सात वाजता, म्हणजे सकाळच्या नव्वदच्या आधी, त्यांच्याकडं गेले आणि फक्त स्वतःच्या हाताबद्दल बोलले, की माझाही हात हँडलवर असाच थरथरायचा. मग म्हणाले, तुला मागच्या वेळी जे झालं ते बाहेरचं नव्हतं, मलाही झालं होतं, दवाखान्यात होत नाही. वडिलांना दारू सोडायची भीती नव्हती, त्या रात्रीची भीती होती. ती गेल्यावर ते चार दिवसांत आत गेले, आधी डिटॉक्स आणि मग केंद्र.

मुलासाठी औषध नव्हतं. हुंगायच्या नशेवर अशी गोळी नाही, आणि अठराखालच्या मुलांना प्रत्येक केंद्र घेतंच असंही नाही, मोठ्यांच्या केंद्रात त्याला टाकणं तर चुकीचंच. त्याला समुपदेशनाला नेलं, शाळेत बोललो. शाळा नाव काढायच्या बेतात होती, ते थांबवायला बराच वेळ गेला, शाळेतून काढलेलं पोरगं दिवसभर टाकीमागंच बसणार हे पटवायला लागलं. वर्गशिक्षिका बाई चांगल्या होत्या, त्यांनी त्याला पुढच्या बाकावर घेतलं आणि बाकीच्या पोरांना काही कळू दिलं नाही. आणि मंडळानं, ज्यांनी मागं धावून त्याला पाडलं होतं त्यांनीच, त्याला गणपतीच्या देखाव्याच्या कामात घेतलं. अट एकच होती की रंगकाम द्यायचं नाही, थिनर नको. कागद, पुठ्ठा, लायटिंग. संध्याकाळी सहा ते नऊ हा त्याचा धोक्याचा वेळ होता आणि तोच भरला गेला, याचं श्रेय मी त्या पोरांनाच देईन.

वडील घरी परत येणार त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांवर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली. लोकांना वाटतं केंद्रातून आला म्हणजे झालं, प्रत्यक्षात खरं काम तेव्हा सुरू होतं. थिनरचा डबा आणि चिंध्या ठेकेदाराच्या गोडाऊनला गेल्या, कायमच्या. शनिवारचा हप्ता बायकोच्या खात्यावर ऑनलाइन, हे वडिलांनीच ठेकेदाराला सांगितलं. आईनं अल-अॅनॉनच्या मीटिंगला जायला सुरुवात केली, ही दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग असते, तिथं तिला पहिल्यांदा कळलं की क्वार्टर आणून देणारी ती एकटी नाही. वडील एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, मराठी मीटिंगला काकांबरोबर. आणि वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून आम्ही धोक्याचे दिवस आधीच लिहिले: गटारी, विसर्जन, दिवाळीचा बोनस, 31 डिसेंबर, धुळवड, गावची जत्रा. विसर्जनाच्या मिरवणुकीत वडील कुणाबरोबर चालणार, किती वाजता घरी येणार, हेसुद्धा ठरलेलं. गणपती पार पडले.

दिवाळीत स्लिप झाली. बोनस रोख मिळाला, ठेकेदार विसरला, जुने दोस्त भेटले. रात्री अकराला पिऊन घरी आले. आधीच्या वर्षी या रात्री काय झालं असतं ते सगळ्यांना माहीत होतं. आईनं भांडण केलं नाही, पोरांना घेऊन शेजारी मावशींकडं झोपायला गेली, काकांना फोन केला, काका सकाळी सहाला दारात. दुसऱ्या दिवशी मीटिंग, त्याच आठवड्यात केंद्रात फॉलोअप. सासू म्हणाली, एवढे पैसे घालून पुन्हा तेच. काकांनी तिला समोर बसवून सांगितलं, की आई, मी स्वतः तीन वेळा घसरलो होतो, चौथ्यांदा धरलं. त्यानंतर आजपर्यंत वडील प्यालेले नाहीत. मुलगा नववीत गेला, त्याचंही मधे दोनदा झालं, दोन्ही वेळा त्यानं स्वतः ताईंना सांगितलं.

वस्तीत आता सरळ लोकच विचारायला येतात. गांजा किंवा एमडीवाल्या पोरांचे आईबाप पोलिसांच्या भीतीनं गप्प बसतात, त्यांना आम्ही सांगतो की एनडीपीएसच्या कलम 64अ मध्ये, फक्त नशा केल्याच्या किंवा जवळ थोडा माल सापडल्याच्या केसमध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. यंदा 26 जूनला शाळेनं पुन्हा बोलावलं तेव्हा आम्ही मुलांच्या आधी पालक सभा मागून घेतली, आणि शाळेच्या शिपाईकाकांना आणि पोषण आहाराच्या ताईंनाही कुशीवर झोपवायचं शिकवलं, कारण पोरगा कोसळला तर पहिलं तेच पोहोचतात.

जे झालं नाही तेही लिहितो. त्या संध्याकाळी टाकीमागून जी दोघं पळाली त्यातला एक सतरा वर्षांचा आहे, त्याला घरच नाही म्हटलं तरी चालेल, चुलत्याकडं राहतो, कधी मार्केटयार्डला हमाली, कधी स्टेशनला. त्याची आई नाही, शाळा नाही, मंडळाशी संबंध नाही, म्हणजे आमचं सगळं काम ज्या माणसांच्या आधारावर चालतं त्यातलं कुणीच त्याच्याजवळ नाही. काका त्याला मार्केटयार्डात दोनदा भेटले, एकदा जेवला, एकदा पळाला. अशा मुलांसाठी त्यांच्यातलाच कुणी सुधारलेला मोठा मुलगा सोबती म्हणून लागतो, आणि तसा एक जण मंडळात आता तयार होतोय, तोच, ज्यानं थोबाडीत दिल्या होत्या आणि स्वतः मावा सोडलाय. पुढच्या बैठकीत पहिला विषय त्या सतरा वर्षांच्या मुलाचा आहे, आणि मार्केटयार्डच्या बाजूला संध्याकाळी बसायला कुणाची जागा मिळते का ते बघायचंय.